तीन लिटरची गाडी

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच, किलोवॉट-तास. आमच्या टिगोर ईव्हीच्या, म्हणजे टाटांच्या विजेवर चालणाऱ्या गाडीच्या, बॅटरीत २६ युनिट मावतात. भागाकार करून बघा, तीन लिटरपेक्षाही जरा कमीच. सव्वाबाराशे किलोची गाडी, आत चार माणसं, त्यांचं सामान, एसी, दिवे, गाणी, हे सगळं तीन लिटर पेट्रोलच्या ऊर्जेवर कराडहून पुण्याला पोचतं आणि वर थोडं शिल्लक राहतं.

पेट्रोलवाल्या टिगोरची टाकी ३५ लिटरची. म्हणजे टाकी फुल्ल केली की तीनशेच्या वर युनिट गाडीत असतात, आमच्या गाडीच्या बारापट. तरी ती बारापट अंतर जात नाही. तिप्पट गेली तरी पुष्कळ. मग उरलेली ऊर्जा जाते कुठे?

हे उत्तर मला फार आधीपासून ठाऊक होतं, कारण तेच शिकवण्याचा मी पगार घेते. तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या मुलांना मी आय.सी. इंजिन, म्हणजे आतच इंधन जाळणारं पेट्रोल-डिझेलचं इंजिन, शिकवते. आमच्या लॅबमध्ये किर्लोस्करचं एक सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन आहे. त्यावर हीट बॅलन्स शीटचं, म्हणजे इंधनातली ऊर्जा कुठे कुठे गेली याच्या ताळेबंदाचं, प्रॅक्टिकल होतं. एक मुलगा स्टॉपवॉच घेऊन ब्युरेटमधलं १० सीसी डिझेल संपायला किती वेळ लागतो ते मोजतो, दुसरा दोरीच्या ब्रेकवरची वजनं वाचतो, तिसरा कूलिंगच्या पाण्याचं आत जातानाचं आणि बाहेर येतानाचं तापमान लिहून घेतो. मग तक्ता करायचा. कामाला लागलेली ऊर्जा पाव, फार तर तीस टक्के. तेवढीच पाण्यातून गेली. तेवढीच सायलेन्सरमधून गेली. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, ‘अनअकाउंटेड’, म्हणजे हिशेब न लागलेली. मुलांचं लक्ष बेरीज शंभर येते की नाही याकडे. माझं लक्ष मात्र दरवेळी त्या पहिल्या आकड्यावर जायचं आणि वाईट वाटायचं. शंभर रुपये मिळवायचे आणि घरी पंचवीस आणायचे, असा तो संसार. शंभर-सव्वाशे वर्षं जगभरच्या हुशार माणसांनी डोकं लावून तो आकडा थोडा थोडा वर ढकलला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाला फ्रेंच शास्त्रज्ञ कार्नोनं घालून दिलेली मर्यादा कुणालाच ओलांडता येत नाही.

म्हणून मला वाटतं, विजेची गाडी समजून घ्यायची तर सुरुवात पिकअपपासून किंवा मोठ्या स्क्रीनपासून करू नये. या तीन लिटरपासून करावी. एवढीच ऊर्जा हातात दिली आणि ‘संसार कर’ म्हटलं, तर गाडी बनवणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी हिशेब करावा लागतो. टिगोर ईव्हीत जे जे आहे ते या हिशेबातून आलंय, आणि जे नाही तेसुद्धा.

गाडीची कुळकथा आधी सांगते. टाटांची विजेवरची टिगोर पहिल्यांदा साणंदच्या कारखान्यातून डिसेंबर २०१७ मध्ये बाहेर पडली, ती सरकारी कामासाठी. ईईएसएल या केंद्र सरकारच्या कंपनीनं १०,००० विजेच्या गाड्यांची निविदा काढली होती, त्यातल्या या. त्या गाडीत १६ युनिटांची बॅटरी आणि ३० किलोवॉटची इंडक्शन मोटर होती आणि सगळी व्यवस्था ७२ व्होल्टवर चालायची. कार्यालयापासून कार्यालयापर्यंत जायला ती पुरेशी होती. घरच्या माणसांनी घ्यावी अशी टिगोर आली ३१ ऑगस्ट २०२१ ला. झिपट्रॉन नावाची नवी व्यवस्था, २६ युनिटांची बॅटरी, ५५ किलोवॉटची कायमस्वरूपी चुंबकाची मोटर, १७० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि व्होल्टेज तीनशेच्या वर.

माहितीपत्रकात हा व्होल्टेजचा आकडा कोपऱ्यात असतो, पण माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा बदल. ५५ किलोवॉट ७२ व्होल्टवर द्यायचे तर तारेतून साडेसातशेच्या वर अँपिअर वाहायला हवेत. तीनशे व्होल्टवर तेच काम १८३ अँपिअरमध्ये होतं. आणि तार तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट चौपटीनं उतरला की त्याच तारेत होणारा तोटा सतरा पटीनं उतरतो. कोयनेची वीज मुंबईला नेताना मनोऱ्यांवर लाखांच्या घरातलं व्होल्टेज ठेवतात, त्याचंही कारण हेच.

आता लांबी. ही सेडान ३,९९३ मिलिमीटर लांब आहे. चार मीटरला सात मिलिमीटर कमी. हा काही योगायोग नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी कर कमी केला आणि तेव्हापासून आपल्याकडे शेपटी आखडलेल्या सेडान जन्माला आल्या. विजेच्या गाडीला ही अट लागू नाही. ऑगस्ट २०१९ पासून तिला सरसकट पाच टक्के जीएसटी आहे, लांबी कितीही असो. म्हणजे आमच्या गाडीची डिकी आखूड आहे ती पेट्रोलच्या बहिणीच्या करामुळे. त्यातून बॅटरी मागच्या सीटखाली आणि डिकीच्या तळाशी बसवलेली, त्यामुळे ४१९ लिटरच्या डिकीची ३१६ लिटरची झाली आणि स्टेपनी वर आली. आमचं घर कोकणातून येताना तांदळाचं पोतं, नारळ आणि जमलं तर फणस आणणारं आहे, त्यामुळे ही शंभर लिटरची तूट मला जाणवते. पेट्रोलसाठी आखलेल्या अंगात बॅटरी बसवायची तर ही किंमत द्यावीच लागते. मुळापासून विजेसाठी आखलेल्या गाडीत बॅटरी पायाखाली सपाट पसरते आणि डिकी मोकळी राहते. पण तशी गाडी २०२१ मध्ये बारा-तेरा लाखांत कुणी देत नव्हतं. मध्यमवर्गीय घराला परवडेल अशी चार दारांची, डिकीची, विजेची गाडी आधी रस्त्यावर आणणं महत्त्वाचं होतं आणि ते झालं, याचं मला मोल वाटतं.

गाडी खालून बघायची माझी फार इच्छा होती. माझा एक जुना विद्यार्थी आता एका वर्कशॉपमध्ये विजेच्या गाड्यांचं काम बघतो. त्यानं लिफ्टवर चढवलेली एक टिगोर मला दाखवली. खाली सायलेन्सर नाही, ऑइलचा थेंब नाही, पेट्रोलची लाइन नाही. नारिंगी रंगाच्या जाड केबल मात्र ठसठशीत दिसतात. उच्च व्होल्टेजच्या केबलचा हा रंग जगभर सगळे पाळतात. मी सवयीनं हात पुढे केला.

“मॅडम, थांबा. सर्व्हिस प्लग अजून काढला नाही.”

हा प्लग काढला की बॅटरीचा प्रवाह तुटतो. मग त्यानं जाड रबरी हातमोजे घातले, प्लग काढला, स्वतःच्या खिशात ठेवला आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. प्लग काढला तरी इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरलेला असतो, तो उतरायला काही मिनिटं द्यायची. त्यानंतर मीटर लावून शून्य बघायचं आणि मगच हात. प्लग खिशात का? आपण खाली असताना दुसऱ्या कुणी तो परत बसवू नये म्हणून. हे सगळं तो न बोलता, एका लयीत करत होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा हा मुलगा. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

मोटरबद्दल मला खरं तर थोडंच सांगायचंय, कारण तिच्यात सांगण्यासारखं थोडंच आहे आणि हाच तिचा गुण. आमच्या लॅबमध्ये कापून ठेवलेलं एक पेट्रोल इंजिन आहे. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, क्रँक, कॅम, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा. मुलं मोजता मोजता थकतात. मोटरमध्ये फिरणारा भाग एक, रोटर. त्यात चुंबकं बसवलेली. भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत तीन फेजची वीज सोडली की फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि रोटर त्याच्या मागे, त्याच वेगानं फिरतो. बॅटरीची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी, म्हणून मध्ये इन्व्हर्टर. तो सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून डीसीची हवी त्या वारंवारितेची एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज, करतो. पुढे एकच गिअर. पेट्रोल टिगोरच्या ११९९ सीसीच्या इंजिनाला ११३ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायला तीन हजाराच्या वर फेरे लागतात. ही मोटर जागच्या जागी, शून्य फेऱ्यांवर १७० देते. म्हणून क्लच नको, पाच गिअर नकोत. बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेतला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग चाकापर्यंत येतो. माझ्या बॅलन्स शीटचा पहिला रकाना असा पहिल्यांदाच भरला.

बॅटरीपाशी मात्र थांबावंच लागतं. सगळी गुंतागुंत इंजिनातून उठून तिथे राहायला गेली आहे.

आतले सेल लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे. हे रसायन बॅटरीत चालेल असं १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी दाखवून दिलं. पुढे गुडइनफना २०१९ चं नोबेल मिळालं, वयाच्या ९७ व्या वर्षी. ते लिथियम बॅटरीवरच्या एकूण कामासाठी होतं. पण या शोधनिबंधावरची पहिली दोन नावं भारतीय वळणाची आहेत, हे मी वर्गात आवर्जून सांगते. या रसायनात कोबाल्ट नाही, निकेल नाही. फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा बंध इतका घट्ट की सेल तापला तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही, आणि ऑक्सिजन सुटला नाही की आग भडकायची भीती पुष्कळ कमी होते. पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडी उभी करायची असेल तर हा गुण वजनात मोजता येत नाही. उणं काय, तर तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी मावते. म्हणजे परत तीन लिटर.

एका सेलचं व्होल्टेज जेमतेम ३.२. तीनशेच्या वर जायचं तर शंभराच्या आसपास सेल एकामागे एक जोडावे लागतात. आणि ओळीत जोडले की सगळ्यांचं नशीब एकत्र बांधलं जातं. चार्ज करताना एक सेल आधी भरला तर बाकीचे भरायचे असले तरी थांबावं लागतं. चालवताना एक आधी रिकामा झाला तर बाकीच्यांतली ऊर्जा असून नसल्यासारखी. म्हणून बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम प्रत्येकावर नजर ठेवते आणि आधी भरलेल्यांचं थोडं थोडं उतरवून मागे राहिलेल्यांना गाठू देते. पंगतीत शेवटच्याचं ताक-भात होईपर्यंत कुणी उठत नाही, तसं. हे काम चार्जिंगच्या अगदी शेवटी, पूर्ण भरण्याच्या सुमाराला होतं.

याच रसायनाची अजून एक खोड आहे. चार्ज ऐंशी टक्के असो की चाळीस, सेलचं व्होल्टेज जवळपास सारखंच असतं. त्यामुळे व्होल्टेज बघून किती उरलं ते कळत नाही. गाडी आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट मोजत बसते आणि त्यावरून टक्के सांगते. बारीक बारीक चुका साठत जातात. पूर्ण भरली की व्होल्टेज झपकन वर चढतं आणि तेव्हा गाडीला खात्रीनं कळतं की हे शंभर. म्हणून अधूनमधून घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभर लावून पूर्ण भरू द्यावी. मोबाइलवरून आलेला ‘ऐंशीच्या वर जाऊ नका’ हा सल्ला दुसऱ्या रसायनांचा आहे. तो इथे जसाच्या तसा चालवू नये.

रेंज किती, हा प्रश्न लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो. गाड्यांची चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या एआरएआय या संस्थेचा आकडा आधी ३०६ किलोमीटर होता, नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित गाडीला ३१५. आम्हाला दोनशेच्या आगेमागे मिळतात. यात कुणाचा खोटेपणा नाही. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआयची प्रयोगशाळा आहे. प्रमाणित चाचणी ठरलेल्या वेगांच्या आलेखावर होते, त्यात कमाल वेग ९० आणि तोही थोडा वेळ. आपण हायवेला शंभरनं जातो. साठवरून शंभरवर गेलं की हवेचा विरोध पावणेतीनपट होतो. पेट्रोलच्या गाडीतही तो होतोच, पण तिथे तीन चतुर्थांश ऊर्जा आधीच वाया जात असते, त्यामुळे हा फरक त्या गर्दीत दिसत नाही. इथे हिशेब स्वच्छ असल्यामुळे उजव्या पायाची प्रत्येक घाई लगेच दिसते.

एसीचं गणित त्याच्या उलट आहे. तो अंतरावर ऊर्जा खात नाही, वेळेवर खातो. तासाला एक युनिट धरा. हायवेला त्या तासात गाडी आठ-दहा युनिट वापरते, त्यामुळे एसीचं विशेष वाटत नाही. तोच तास पुण्यात ट्रॅफिकमध्ये गेला तर गाडीनं दीड-दोन युनिट वापरलेले असतात आणि एसीनं एक. अर्थात तेव्हाही पेट्रोलच्या मानानं विजेच्या गाडीचं पारडं जडच, कारण उभ्या गाडीची मोटर काही खात नाही. सिग्नलला धडधडत उभ्या असलेल्या इंजिनाच्या शेजारी थांबलं की हे नीट कळतं.

एक गोष्ट मात्र मला मुलांपासून आणि वाचकांपासून लपवायची नाही. चाकापर्यंत नव्वद टक्के, हे बॅटरीपासून मोजलेलं आहे. भिंतीतल्या प्लगपासून मोजलं तर २६ युनिट भरायला २९-३० लागतात. आणि त्याच्याही मागे गेलं तर चंद्रपूर येतं. २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, कोळसा, वाफ, टर्बाइन. तिथेही कार्नो आहेच. कोळशातली फार तर एक तृतीयांश ऊर्जा वीज होऊन निघते, बाकीची चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून जाते. कराडच्या रस्त्यावर माझ्या गाडीतून धूर निघत नाही, पण चंद्रपूरच्या माणसाच्या छातीत राख जाते. आपली हवा शुद्ध राहिली याचा आनंद घेताना त्याला विसरणं मला बरोबर वाटत नाही. कोयनेची १,९६० मेगावॉटची व्यवस्था, सोलापूर-धुळ्याकडचे सौर प्रकल्प, घरावरची पॅनेलं यांचा वाटा जसा वाढेल तसा हा तक्ता सुधारेल, आणि गाडीला हात न लावता सुधारेल. पेट्रोलच्या गाडीला ही सोय नाही. ती शोरूममधून निघताना जेवढी उधळी असते तेवढीच शेवटपर्यंत राहते, किंवा जास्त.

आता घाट. सासर महाडच्या बाजूला, म्हणून आम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरतो. ‘ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचं’ हे ड्रायव्हर मंडळींचं शास्त्र मी लहानपणापासून ऐकत आले. इथे पाय उचलला की मोटर जनरेटर होते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि ती करताना चाकांना मागे ओढते. घाटातल्या वाडा कुंभरोशीच्या अलीकडच्या वळणांवर ब्रेकला पाय न लावता गाडी आपोआप हळू होते आणि स्क्रीनवरचे टक्के वाढायला लागतात. मागे बसलेल्या आमच्या आईंनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा विचारलं, “अगं, पेट्रोल वाढतंय का?” मी म्हटलं, “हो आई, डोंगर परत देतोय.”

किती परत देतो, हे गणित मी आता अंतिम वर्षाच्या मुलांना घालते. माणसांसह गाडी १,५०० किलो धरा, उतार साडेबाराशे मीटरचा, रस्ता चाळीस किलोमीटर. उंचीत साठलेली ऊर्जा ५.१ युनिट. टायरचं घर्षण आणि हवा मिळून दोनेक युनिट वजा. उरलेल्या तीनमधले मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरीतून जाताना काही गळतात. हाती येतात दोन-सव्वादोन युनिट, म्हणजे आठ-नऊ टक्के. इंजिनाच्या गाडीत हे सगळं इंजिनातून आणि ब्रेकच्या लायनरमधून उष्णता होऊन गेलं असतं. घाटाच्या पायथ्याशी ट्रकांभोवती येणारा तो जळका वास याच ऊर्जेचा.

यंदा एका मुलीनं उत्तर काढून झाल्यावर हात वर केला. “मॅडम, पण वरती हॉटेलवर रात्रभर चार्ज करून शंभर टक्के भरून निघालो तर? ही दोन युनिट ठेवणार कुठे?”

असाच प्रश्न यावा म्हणून माणूस शिकवत असतो. भरलेल्या बॅटरीत जागा नसते, म्हणून मॅनेजमेंट सिस्टीम परतीची वीज आत घेत नाही. मोटरची ओढ नाहीशी होते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, तेही सलग चाळीस किलोमीटर उतारावर. म्हणून घाटमाथ्यावर गाडीचं चार्जिंग नव्वद टक्क्यांच्या आत थांबवायचं, पूर्ण भरायचं ते सपाटीवर, घरी. मग वर्गानं उलटं गणितही केलं: पोलादपूरहून वर चढताना उंचीचे ५.१, घर्षण आणि हवेचे दोन आणि वर वाटेतली गळती, मिळून आठच्या वर युनिट. म्हणजे परतीला घाट चढण्याआधी गाडीत निदान चाळीस टक्के हवेत, आणि तेवढे नसतील तर महाडलाच चार्जिंगला लावून तिथे जेवून घ्यावं.